स्वाइन फ्लू झाला तर: पहिल्या तापापासून खोकला जाईपर्यंत काय करायचं आणि कोणाचं ऐकायचं (बडोदेकरांसाठी)

पावसाळा मध्यावर आला की दांडिया बाजारातल्या आमच्या औषधाच्या दुकानात एक मागणी ठरलेली असते. "भाऊ, ती तीन गोळ्यांची ॲझी द्या, घरात सगळ्यांनाच झालंय." ॲझी म्हणजे ॲझिथ्रोमायसिन. ते जिवाणूंवरचं औषध आणि फ्लू विषाणूचा, त्यामुळे ती पट्टी फ्लूचं काहीही वाकडं करत नाही. पण साधा फ्लू आठवडाभरात आपोआप उतरतो, श्रेय ॲझीला जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात काकू पुन्हा तीच पट्टी मागायला येतात.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. सोसायटीत कुणाला तरी स्वाइन फ्लू निघाला असं कळलं की लोक टॅमीफ्लू या फ्लूवरच्या औषधाच्या पट्ट्या घरात भरून ठेवायला निघतात. प्रिस्क्रिप्शन मागितलं की रागावतात. या दोन टोकांच्या मध्ये नेमकं काय करायचं असतं ते काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. जिथे डॉक्टरांशिवाय चालणारच नाही, तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

आधी नावाची भीती काढू

हा विषाणू २००९ च्या एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत सापडला. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला. बडोद्यातल्या मराठी घरांचं निम्मं गणगोत पुण्यात, त्यामुळे ती भीती आपल्याकडे फोनवरूनच आली. १० ऑगस्ट २०१० ला महासाथ संपल्याचं जाहीर झालं, पण विषाणू कुठे गेला नाही. तो नेहमीच्या फ्लूच्या विषाणूंमध्ये मिसळून गेला आणि आता दरवर्षी येतो. आपल्याकडे त्याचे दोन हंगाम: एक पावसाळ्यात, दुसरा साधारण जानेवारी ते मार्च. काही वर्षी तो जोर करतो. २०१५ मध्ये देशात ४२ हजारांहून जास्त रुग्ण आणि जवळजवळ तीन हजार मृत्यू नोंदले गेले, आणि जास्त झळ बसलेल्या राज्यांत गुजरात होतं.

नाव डुकराचं असलं तरी डुकराचं मांस खाल्ल्याने तो होत नाही. माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून, हातांतून पसरतो. लागण झाल्यावर साधारण एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात, आणि लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस तो दुसऱ्याला लागू शकतो. लहान मुलांकडून त्याहूनही जास्त दिवस.

लॅबच्या कागदावर "इन्फ्लुएंझा ए, एच१एन१" असं येतं. कधी एच३एन२ येतं. उपचार दोन्हींचे एकच, म्हणून नाव कळेपर्यंत हातावर हात धरून बसण्यात अर्थ नाही.

पहिला दिवस: रुग्ण कोणत्या गटात बसतो ते ठरवा

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फ्लूच्या रुग्णांचे ए, बी आणि सी असे गट केले आहेत. ही विभागणी डॉक्टरांसाठी आहे, पण घरच्यांना ती माहीत असली की निम्मी धावपळ वाचते.

ए गट म्हणजे थोडा ताप, खोकला, घसा खवखवणं, अंगदुखी, डोकेदुखी. काहींना उलटी किंवा जुलाब. या रुग्णाला टेस्ट लागत नाही, टॅमीफ्लू लागत नाही. घरी राहायचं, माणसांत मिसळायचं नाही आणि २४ ते ४८ तासांत डॉक्टरांनी पुन्हा एकदा पाहायचं. हे दुसऱ्यांदा पाहणं लोक सर्रास टाळतात. पहिल्या दिवशी ए मध्ये असलेला माणूस तिसऱ्या दिवशी ए मध्येच असेल असं धरून चालता येत नाही.

बी गटात दोन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांना वरची लक्षणं आहेतच, शिवाय ताप फणफणलेला आणि घसा इतका दुखतो की घोट गिळवत नाही. दोन, ज्यांचं दुखणं सौम्य आहे पण ज्यांना जोखीम जास्त आहे: गरोदर बाई, ६५ च्या पुढची माणसं, मधुमेह, हृदय, फुप्फुस, यकृत किंवा मूत्रपिंडाचे विकार, रक्ताचे किंवा मज्जासंस्थेचे आजार, कर्करोग, एचआयव्ही, आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे. लहान मुलाला यातला एखादा आजार असेल तर तेही यातच. बी गटाला डॉक्टर ओसेल्टामिविर (म्हणजेच टॅमीफ्लू) सुरू करतात, तेही टेस्टशिवाय. घरातल्या साखरेच्या रुग्णाचा साधा वाटणारा ताप म्हणूनच अंगावर काढायचा नाही; त्याच दिवशी फॅमिली डॉक्टर गाठायचा.

सी गट म्हणजे थेट हॉस्पिटल. धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं-ओठ निळसर पडणं. मुलांमध्ये सतत झोपाळू राहणं, दूध किंवा पाणी न घेणं, आकडी, न उतरणारा ताप, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं. जुना आजार अचानक बळावला तरी सी गटच. इथे टेस्टही होते, पण रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवून ठेवत नाहीत.

घरी सांभाळायचं तर

एक वही करा. वेळ, ताप, ऑक्सिजन, दिलेली गोळी, लघवी किती वेळा झाली. "काल रात्री खूप ताप होता" यापेक्षा "रात्री २ वाजता १०३, गोळीनंतर ४ वाजता १००" हे वाचून डॉक्टर झटकन निर्णय घेतात. आणि दोन माणसं आलटून पालटून सांभाळत असतील तर डोलो दोनदा जात नाही. (डोलो हे तापाच्या गोळीचं आमच्या गल्लीत सामान्यनामच झालं आहे, आत असतं पॅरासिटामॉल ६५०.)

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवून. यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारूनच. मुलांना वजनावर द्यायचं: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. त्यासाठी आधी मुलाचं वजन करा आणि बाटलीवर पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. १२० वाली आणि २५० वाली बाटली शेजारी ठेवली तर दिसायला सख्ख्या बहिणी, औषध मात्र दुपटीहून जास्त. मापायला स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीबरोबरची पिचकारी किंवा टोपण वापरा.

ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. फ्लूमध्ये ते दिल्यास मेंदू आणि यकृतावर परिणाम करणारा राय सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. मोठ्यांनीही पावसाळ्यातल्या तापात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण तोच हंगाम डेंग्यूचा आणि डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. ताप आहे पण खोकला-सर्दी काहीच नाही, डोळ्यांमागे दुखतंय, अंगावर पुरळ आहे, असं चित्र असेल तर डॉक्टरांना डेंग्यूबद्दल विचाराच.

पाणी, ताक, पेज, वरणाचं पाणी, ओआरएस, जे घशाखाली उतरेल ते. सहा-आठ तास लघवी झाली नसेल तर पाणी कमी पडतंय असं समजा.

वेगळी खोली द्या असं सगळे सांगतात. रावपुऱ्यातल्या किंवा वाडीतल्या जुन्या घरात ती आणायची कुठून? एकामागे एक तीन खोल्या, उजेड फक्त पुढच्या आणि मागच्या टोकाला. अशा घरात रुग्णाची खाट मधल्या अंधाऱ्या खोलीत टाकू नका. खिडकीपाशी किंवा चौकाकडे टाका, वारा घरातून बाहेर जाईल अशी. मास्क रुग्णाने लावायचा, आणि जवळ जाणाऱ्यानेही. शुश्रूषेला एकच माणूस ठेवा, शक्यतो गरोदर नसलेला आणि साखर नसलेला. टॉवेल, पेला वेगळा. दाराच्या कड्या, नळ, मोबाइल रोज पुसा, कारण कडक पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरतो. साबणाने हात धुतले की तो मरतो, त्याला महागडं काही लागत नाही.

ऑक्सिमीटर कोविडच्या वेळचा कपाटात पडलेला असेलच. सेल बदला. पाच मिनिटं शांत बसवून, हात गरम करून, नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या बोटाला लावा आणि आकडा स्थिर झाल्यावर वाचा. ९४ किंवा कमी दिसलं तर डॉक्टरांना लगेच फोन. ९० च्या आसपास असेल तर फोन १०८ ला. मशीन नसेल तर छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला २४ च्या वर जात असतील तर थांबू नका. एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त, दोन महिन्यांपुढच्या पण वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे.

एक खूण लोकांना माहीत नसते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, माणूस उठून बसतो, चहा मागतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा थंडी वाजून ताप भरतो, खोकला वाढतो. हा बहुतेक वेळा फ्लूवर स्वार झालेला जिवाणूंचा न्यूमोनिया असतो. अँटिबायोटिकची खरी गरज इथे असते, तीही छाती तपासून.

टॅमीफ्लूबद्दल, काउंटरवरून

औषधाचं नाव ओसेल्टामिविर. टॅमीफ्लू, फ्लूविर, अँटीफ्लू ही ब्रँडची नावं. मोठ्या माणसाला साधारणपणे ७५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलांना वजनाप्रमाणे कमी, मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा बदलते. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वात उपयोगी. म्हणून बी गटातल्या माणसाने "बघू उद्या" म्हणायचं नसतं. हॉस्पिटलात दाखल करावं लागलेल्या रुग्णाला मात्र ४८ तास उलटून गेले तरी देतात.

अपेक्षा बेताची ठेवा. धडधाकट माणसाचं दुखणं या औषधाने साधारण एखाद्या दिवसाने कमी होतं. जोखमीच्या रुग्णांत आणि गंभीर दुखण्यात मात्र त्याची किंमत मोठी आहे. मळमळ आणि उलटी हा नेहमीचा त्रास, म्हणून जेवणाबरोबर घ्या. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका आणि उरलेल्या सहा कॅप्सूल नणंदेला देऊ नका.

२०१७ च्या आधी हे औषध मोजक्याच परवानाधारक दुकानांत मिळायचं. आता ते एच१ यादीत आहे, म्हणजे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. आम्हाला डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. चिठ्ठीशिवाय न देणारा दुकानदार आडमुठा नसतो.

प्रतिबंध म्हणून घरात सगळ्यांना देऊ का? नाही. घरात रुग्ण आहे आणि सून गरोदर आहे किंवा आजोबा डायलिसिसवर आहेत, तर त्यांच्यापुरतं डॉक्टर ठरवतात.

टेस्ट

नाकातून किंवा घशातून काडी फिरवून नमुना घेतात आणि आरटी-पीसीआर करतात. झटपट होणारी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही असं सिद्ध होत नाही. ए गटाला टेस्ट करून हाती काहीच लागत नाही, खिसा मात्र हलका होतो. सी गटासाठी ती हॉस्पिटलच करतं. मधल्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: "पॉझिटिव्ह आली तर तुम्ही औषध बदलणार आहात का?" उत्तर नाही असेल तर टेस्ट कशाला?

न्यायची वेळ आली तर

धाप लागलेल्या माणसाला स्कूटरवर मध्ये धरून नेऊ नका. १०८ ला फोन करा, गाडीत ऑक्सिजन असतो. मोठी सरकारी हॉस्पिटलं दोन: जेल रोडवरचं सयाजी, म्हणजे एसएसजी, जे बडोदा मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, आणि गोत्रीचं जीएमईआरएस. खासगीत न्यायचं तर आधी फोनवर विचारून घ्या: आयसीयूत जागा आहे का, व्हेंटिलेटर आहे का, फ्लूच्या रुग्णासाठी वेगळी सोय आहे का. अँब्युलन्स दारात उभी असताना एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात हलवणं सगळ्यात वाईट.

एका प्लास्टिकच्या पिशवीत तापाची वही, चालू औषधांच्या पट्ट्या (नावं आठवत बसण्यापेक्षा पट्ट्याच), जुने रिपोर्ट, आधार आणि आयुष्मान कार्ड टाका. गुजरातेत पीएमजेएवाय-मा योजनेत कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते योजनेत असलेल्या हॉस्पिटलातच आणि पात्र कुटुंबालाच. कार्डाची मुदत संपली आहे का, हे आत्ताच, सगळे ठणठणीत असताना बघून ठेवा.

कोणाचं ऐकायचं

आपली अडचण वेगळीच आहे. आपले मराठी ग्रुप पुणे, ठाणे, नाशिककडून चालतात आणि आपण राहतो गुजरातेत. त्यामुळे आलेल्या मेसेजचे दोन भाग करा. शरीराबद्दलचा सल्ला कुठलाही चालेल, तो खरा असला म्हणजे झालं. पत्त्याबद्दलचा सल्ला बडोद्याचाच हवा. पुण्याच्या हेल्पलाइनचा नंबर, तिथल्या हॉस्पिटलांची यादी, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची माहिती, हे सगळं खरं असूनही मांजलपूरच्या माणसाच्या कामाचं नाही.

मेसेज वाचताना मी आधी तारीख शोधतो. २००९ आणि २०१५ मधले "तातडीचे" संदेश अजून फिरतात, बंद पडलेल्या नंबरांसकट. मग बघतो, यात हॉस्पिटलात कधी जायचं ते लिहिलंय का. "हे प्या म्हणजे होणारच नाही" असं सांगणारा आणि धोक्याची लक्षणं न सांगणारा मजकूर, खाली कितीही मोठ्या डॉक्टरचं नाव असो, मी पुढे पाठवत नाही. आणि शेवटी, काही विकायचंय का? चूर्ण, थेंब, कोर्स, सबस्क्रिप्शन.

कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी हुंगत राहायची, ही २००९ मधली टूम अजून जिवंत आहे. हुंगल्याने विषाणू अडत नाही. पण तो कापूर रांगत्या पोराच्या तोंडात गेला तर आकडी येऊ शकते, म्हणून लहान मूल असलेल्या घरात ती पुरचुंडी नकोच. उकाळ्याचं तसं नाही. तुळस, आलं, मिरीचा उकाळा घशाला बरा वाटतो, आपल्याकडे साथीच्या दिवसांत तो वाटतातही. खुशाल प्या. फक्त उकाळा चालू आहे म्हणून बी गटाची कॅप्सूल लांबवू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

मग भरवशाचं काय? केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राची वेबसाइट. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे ना, ते पाहा. राज्यनिहाय आकडे रोग नियंत्रण केंद्राकडे मिळतात, वर्तमानपत्रातल्या मथळ्यापेक्षा ते बरे. जागतिक आरोग्य संघटनेचं फ्लूचं माहितीपत्रक वाचण्यासारखं आहे. आजीला मराठीतच वाचायचं असेल तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची पत्रकं द्या, खालचे फोन नंबर सोडून. बडोद्यापुरतं विचारायचं तर महापालिकेचं जवळचं अर्बन हेल्थ सेंटर आणि गल्लीत येणारी आशाबेन. सरकारी आरोग्य हेल्पलाइन १०४. आणि तुमचा फॅमिली डॉक्टर, ज्याला तुमच्या वडिलांची साखर किती चढते हे तोंडपाठ आहे. यूट्यूबवरच्या कुठल्याही डॉक्टरला ते माहीत नसतं.

डॉक्टर नवीन असेल तर चिठ्ठीवर नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहा. कागदावर पुड्या बांधून देणाऱ्या आणि पहिल्याच दिवशी "ताकदीचं इंजेक्शन" टोचणाऱ्यापासून लांब राहा. त्या इंजेक्शनात कधी कधी स्टिरॉइड असतं, दोन दिवस माणूस टुणटुणीत वाटतो आणि आत फ्लू मोकाट सुटतो.

लस, आणि कामावर परत

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो आणि लसही बदलते. असर यायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्याआधी घेतलेली बरी. जोखमीच्या गटातल्या सगळ्यांनी घ्यावी, गरोदरपणातही चालते. सहा महिन्यांपुढच्या आणि नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदा देताना महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. खोक्यावर कोणत्या वर्षाच्या हंगामाची आहे ते छापलेलं असतं, टोचण्याआधी वाचून घ्या.

पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप नसेल तर शाळा-ऑफिस सुरू करता येतं, पण सुरुवातीचे काही दिवस मास्क ठेवा. पंचाईत गणपतीत होते, कारण उत्सव नेमका फ्लूच्या हंगामात येतो आणि आरतीला बंद मांडवात सगळी गल्ली खांद्याला खांदा लावून उभी असते. ताप असेल तर घरूनच टाळ्या वाजवा, आणि मंडळवाल्यांनी निदान मांडवाची मागची कनात आरतीपुरती वर गुंडाळावी.

कोरडा खोकला आणि थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. त्यासाठी दर दोन दिवसांनी कफ सिरप बदलत बसू नका. तीन आठवड्यांनंतरही खोकला हटला नाही, वजन उतरतंय किंवा संध्याकाळी कणकण येते, तर अर्बन हेल्थ सेंटरमध्ये थुंकी तपासून घ्या. टीबीची ही तपासणी तिथे फुकट होते.